टण्ण की बद्द

कप हातात आला की आमच्या मॅडम आधी त्याला टिचकी मारायच्या, मग बशीला. टण्ण वाजला तर चहा घ्यायच्या. नाहीतर, "बद्द आहे रे, दुसरा दे." ठाण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेसमोरच्या टपरीवाल्याने या जाचाला कंटाळून शेवटी त्यांच्यापुरता स्टीलचा पेला आणून ठेवला. त्यालाही त्यांनी टिचकी मारलीच.

अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. काम अंगात भिनलं की ते टपरीवरही सुटत नाही. मॅडमचं काम सिरॅमिकचं. डोंबिवलीच्या रासायनिक कारखान्यांतलं गरम, आम्लाचं पाणी गाळण्यासाठी आम्ही बशीएवढ्या चकत्या बनवत होतो. सिरॅमिकच्या भुकटीत पॉलिमरचे खसखशीहून बारीक मणी मिसळायचे, चकती दाबायची आणि भट्टीत घालायची. मणी जळून जातात, त्यांच्या जागी भोकं राहतात. इंग्रजीत या प्रकाराला मोठमोठी नावं आहेत. मॅडम नुसतं म्हणायच्या, "घावनाला पडते तशी जाळी पडली पाहिजे." परदेशी पाहुण्यांसमोरसुद्धा घावन यायचंच. माहेर मालवणकडचं, त्याला इलाज नव्हता.

मणी घाईने जळले तर चकतीला आतून तडा जातो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. मॅडम चकती बोटांच्या टोकांवर धरून कानाजवळ न्यायच्या, नखाने टिचकी मारायच्या आणि निकाल द्यायच्या. टण्ण म्हणजे पास. बद्द म्हणजे भंगाराचं खोकं; त्यांच्या निकालावर आम्ही कोणी कान देऊन खात्री करत नसू. तपासणीचं यंत्र होतं, पण ते पास झालेल्यांसाठी. नापासांना कोण विचारतो?

मग एका वर्षी सगळंच बद्द वाजायला लागलं. मॅडमनी भट्टी हळू तापवून पाहिली. मणी बदलले, भुकटी बदलली. तरी बद्द. डबा न खाता तसाच परत न्यायला लागल्या. साहेबांनी सांगून टाकलं होतं की चांगल्या चकत्या निघत नसतील तर हे काम बंद करू. त्या कामात मॅडमनी नोकरीची सगळी उमेद ओतली होती.

भंगारातल्या चकत्या आम्ही घरी न्यायचो. गरम पातेल्याखाली ठेवायला बऱ्या पडतात. मीही एक डोंबिवलीला आमच्या घरी नेली. आईच्या हातून ती ओट्यावर आपटली. टण्ण!

"अरे, काय मस्त वाजतंय रे हे!" आई खूश. मी मात्र ती उचलून पुन्हा वाजवून पाहिली. टण्णच.

दुसऱ्या दिवशी तीच चकती मी मॅडमपुढे धरली. "ही जरा बघता?"

त्यांनी टिचकी मारली. "बद्द. ह्यात नवीन काय दाखवतोयस?"

मी चकती परत घेतली नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तुला काय ऐकू आलं?"

"टण्ण, मॅडम."

त्यांनी पुन्हा टिचकी मारली. मग चकती दुसऱ्या कानाकडे नेली आणि पुन्हा मारली. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. आमचं बोलणं त्यांना नीट ऐकू येत होतं, गेले होते ते बारीक आवाज. कोणाला कळणार? त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. भंगाराचं खोकं यंत्राखाली घातलं तर बहुतेक चकत्या धडधाकट निघाल्या.

साहेबांना यातलं अजून काही ठाऊक नव्हतं; मीटिंगमध्ये ते भट्टी पुरवणाऱ्याला धारेवर धरायच्या तयारीत होते. खरं सांगतो, माझ्या मनात आलं की जाऊ दे भट्टीच्या नावावर. भट्टीला कुठे वाईट वाटणार आहे! पण मॅडम उठून उभ्या राहिल्या.

"भट्टी उत्तम आहे. चकत्याही उत्तम आहेत. माझे कान गेलेत. यापुढे मी वाजवलेलं धरू नका."

साहेब पुटपुटले, "अहो मॅडम, बसा ना." मला त्या क्षणी त्या जितक्या आवडल्या तितक्या आधी कधीच आवडल्या नव्हत्या.

काम वाचलं. चकत्या कारखान्यांत गेल्या, आजही पाणी गाळतायत. मॅडम रिटायर होईपर्यंत भुकटीच्या टेबलाशी रमल्या, चकत्यांच्या टेबलाकडे फिरकल्या नाहीत. कानाचं मशीन घेतलं, पण ते पर्समध्येच असायचं. "त्यात सगळंच टण्ण वाजतं रे," म्हणायच्या. "काय उपयोग?"

परवा नौपाड्यात त्यांच्या घरी गेलो. आतलं दार उघडंच होतं. सेफ्टी डोअरमधून त्या दिसत होत्या, डायनिंग टेबलाशी बसून मेथी निवडत होत्या. मी बेल वाजवली. पुन्हा वाजवली. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू दार उघडून बघून गेल्या. मी बेलवर बोट दाबून धरलं, मॅडम शांतपणे एकेक पान खुडत राहिल्या. शेवटी देठं टाकायला उठल्या तेव्हा त्यांची नजर दाराकडे गेली.

लगबगीने येऊन त्यांनी कडी काढली. चेहरा आनंदाने फुलला होता. "अरे! कधीचा उभा आहेस असा? वेडा कुठला! बेल नाही का वाजवायची?"

"आत्ताच येतोय, मॅडम," मी मोठ्याने म्हणालो आणि चपला काढायला खाली वाकलो.