शिळासप्तमीची पेज

मंजुळाबाईला जाग आली ती धुराच्या वासानं. अर्धवट झोपेत तिला वाटलं, शेजारच्या जुबेदाची चूल पेटली असेल. मग वास नाकात नीट भरला. कपाशीच्या ओलसर पऱ्हाटीचा, गोवरीचा. आणि तो भिंतीपलीकडून येत नव्हता, आपल्याच स्वयंपाकघरातून येत होता. ती अंथरुणात ताठ उठून बसली. आज शिळासप्तमी होती.

ज्या हिवाळ्यात फैजपूरला काँग्रेस भरली, त्याच्या आधीचा हा श्रावण. धरणगावातल्या त्या आळीत शिळासप्तमीला चूल पेटल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. आदल्या दिवशीच सगळं रांधून ठेवायचं. संध्याकाळी चुलीतली राख काढायची, शेणानं सारवायची, वर हळदकुंकू वाहायचं आणि कपाशीची एक हिरवी डहाळी आत ठेवायची. पहाटे शितळाआई घरोघर फिरते आणि गार चुलीत अंग टाकते. चूल तापलेली सापडली तर आईचं अंग पोळतं, आणि पोळलेली आई मग त्या घरच्या लेकरांच्या अंगावर फोडांनी उठते. हे सांगावं लागत नसे. देवीचे वण असलेले चेहरे आळीत होतेच.

आणि चूल पेटली होती ती कुणाच्या घरी? भागाबाईच्या!

भागाबाई म्हणजे मंजुळेची सासू. सुकदेव नानांची बायको, आणि सगळ्या आळीची भागाअक्का. कोणत्या देवाला कोणतं फूल, कोणत्या वाराला काय वर्ज्य, हे बायका तिला विचारायच्या. मंजुळा लग्न होऊन आली तेव्हा तिच्या आईनं बजावलं होतं, "सासू देवभोळी आहे, चुलीपाशी जपून वाग." ते खरंच होतं. भागाबाई अंघोळीशिवाय चुलीला शिवत नसे. पहिली भाकरी तव्यावरून उतरली की तिचा चतकोर अग्नीला, चतकोर गाईला, मग घरच्यांना.

पण तिची खरी भक्ती दिसायची ती न्याहारीत. माणूस उपाशीपोटी उंबरा ओलांडून गेला तर तिला घरात अपशकुन झाल्यासारखं वाटायचं. नानांना दात नव्हते, म्हणून त्यांची भाकरी आदल्या रात्रीच्या दुधात कुस्करलेली. मंजुळेचा नवरा झुलाल शेतात जायचा, त्याला कळण्याची भाकरी. ज्वारीत सालासकट उडीद घालून दळलेलं ते काळपट पीठ, त्याची जाड भाकरी, वर शेंगदाण्याचं कच्चं तेल आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. पाहुणा असला तर तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुणके आणि कढी. बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या दिवसांत ज्वारीचं शिजतं पीठ आळीतली सगळी पोरं वाटीवाटीनं तिच्या दारात बसून खायची. तेव्हा ती कुणाचं पोर, कुठल्या जातीचं, हे विचारत नसे. "गरम शे तवर खा रे भो," एवढंच म्हणायची.

अशी ही बाई. आणि आज तिच्या घरात धूर.

मंजुळा घाबरली, त्याला आणखी एक कारण होतं. धूर तर तिच्यामुळे व्हायचा होता. पण या घरात नाही.

तिची तीन वर्षांची जमनी हगवणीनं आजारी होती. पोर इतकी वाळली होती की हातातली बांगडी कोपराच्या वर जायची. रडायचीसुद्धा आवाज न करता. आदल्या दिवशी झुलालनं तिला आगगाडीनं जळगावला डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टरनं औषध दिलं आणि ठणकावून सांगितलं, "हिच्या पोटात फक्त ताजी, ऊन पेज जाऊ द्या. तांदळाची, पातळ, मीठ घालून. शिळा घास गेला तर पोर हातची जाईल."

झुलालनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा दशम्यांची चवड रचून झाली होती, दहीभात कालवून झाला होता, आणि भागाबाई चूल सारवत होती. तिनं मान वर केली नाही. हात मात्र थांबला. नाना म्हणाले, "एक दिवसानी तं गोठ शे. शितळाआई सांभाळी."

मंजुळा मागच्या अंगणात गेली आणि भिंतीवरून जुबेदाला हाक मारली. जुबेदा गफूर पिंजाऱ्याची बायको. तिला काय ती सातम आणि काय ती छठ!

"भाभी, रोती क्यूं है?" जुबेदा म्हणाली. "सुबह चावल लेके आ जा. चूल्हा मेरा, धुआं मेरा, और गुनाह लगा तो वो भी मेरा. तेरी सास को मैं समझाऊं क्या?"

"नको गं माय! त्यांना कळलं तर मला माहेरी घालवतील."

"तो चुपचाप आ. मैं कौन सा ढोल पीटूंगी."

मंजुळेनं मूठभर जुने तांदूळ पदराच्या टोकाला बांधले आणि तशीच निजली. उजाडायच्या आत मागच्या दारानं जायचं, पेज शिजवायची, पोरीला तिथंच पाजायची. मुसलमानाच्या घरचं शिजवलेलं आपल्या पोरीला, तेही सातमीच्या दिवशी, या विचारानं तिच्या अंगावर काटा येत होता. पण पोरीच्या कपाळाला हात लावला की तो काटा जात होता.

आणि आता ती उठून बसली तर पदराला गाठच नव्हती.

ती धडपडत स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथेच थिजली. चुलीपुढे भागाबाई बसली होती. अंघोळ झालेली, ओले केस पाठीवर. कालची कपाशीची डहाळी तिनं उचलून देवळीत ठेवली होती, हळदकुंकू वाहिलेल्या चुलीत जाळ धडधडत होता, आणि वर पितळेच्या पातेलीत तांदूळ रटरटत होते. भागाबाई फुंकणीनं फुंकत होती आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होती.

"आत्याबाई!" मंजुळेनं दाराची चौकट धरली. "आत्याबाई, आज... आज सातम आहे."

"माले माहीत नही का?" भागाबाईनं मागे न बघता म्हटलं. "पोरले उचली आन."

"पण आई कोपेल ना!"

"तू पोर आन व माय. पेज थंड व्हई जाई."

मंजुळेला वाटलं, सासूला भ्रम झाला. रात्रीत काही वारं लागलं. तेवढ्यात नाना खोकत आले. चुलीतला जाळ त्यांनी बघितला आणि हातातला तांब्या तिथेच सुटला. पाणी मंजुळेच्या पायांवरून वाहत गेलं. कुणीही ते पुसलं नाही. नाना भिंत धरून खालीच बसले. "भागा," ते एवढंच म्हणाले, "तू? तू पेटाडी?"

"मी पेटाडी."

बाहेर उजाडत होतं. छपराच्या कौलांतून निघालेला धूर पावसाळी हवेत वर जाईना. तो आळीवरच पसरला, सगळ्यांना दिसेल असा. समोरची बेबाबाई नैवेद्याचं ताट घेऊन निघाली होती. दरवर्षी सातमीची पहिली पूजा भागाअक्काच्या चुलीपाशी व्हायची. ती दारात आली, आत बघितलं, आणि ताट छातीशी धरून उंबऱ्याबाहेरच थांबली.

"अक्का व!" ती किंचाळलीच. "काय करी बठनी तू! मन्हा घरमा दोन लेकरं शेत!"

तिच्या ओरडण्यानं आणखी दोघीचौघी जमल्या. कुणी तोंडाला पदर लावला, कुणी कडेवरचं पोर छातीशी धरून मागे सरली. भिंतीपलीकडून जुबेदा डोकावली होती. तिचंही तोंड उघडंच राहिलं.

"कोना करता?" बेबाबाईचा आवाज आता रडवेला झाला. "आंडेर करता? एक पोरगी करता? पोरगा ऱ्हाता तरी समजती."

भागाबाईनं फुंकणी खाली ठेवली. पहिल्यांदाच तिनं वळून बघितलं. डोळे धुरानं की कशानं लाल झाले होते, कोण जाणे.

"आई सोता बाई शे, बेबा. तिनापुढे आंडेर नि पोरगा करू नको."

"अग, मंग जुबेदाकडथून आनती पेज! आमी डोया मिटतू!"

"तू डोया मिटशी व. आईना डोया कोन मिटाडी?"

भागाबाईनं पेज वाटीत ओतली, मिठाची कणी टाकली, वाटी पाण्यात धरून कोमट केली. मंजुळेनं पोर आणली होती. भागाबाईनं ती आपल्या मांडीवर घेतली.

"मना पदर..." मंजुळा पुटपुटली. घाबरल्यावर तिच्याही तोंडात सासरचीच बोली यायची.

"मी सोडी तुनी गाठ," भागाबाई हळूच म्हणाली. "काल भिंतीवर बोलनी ते मी ऐकं. तू तरनी शेस, तुले अजून लेकरं व्हतीन. आईले राग यी तं तो तुना हातवर नको. मना हातवर येऊ दे. मी तिले मांगली रातथून सांगी ऱ्हायनू. मनी नि तिनी जुनी वळख शे."

सासूनं ऐकलं होतं. आणि ऐकूनही ओरडली नव्हती, अडवलं नव्हतं. फक्त तिच्या आधी उठली होती.

पहिला चमचा जमनीनं घेतला आणि लगेच ओकून टाकला.

दारातल्या बायकांतून एकच सुस्कारा निघाला. "देखा," कुणीतरी म्हणालं. नानांनी हात जोडून डोळे मिटले. मंजुळेनं मनात म्हटलं, हाच तो कोप. आली आई. भागाबाईचाही चेहरा त्या क्षणी राखेसारखा झाला. तिनं पदरानं पोरीचं तोंड पुसलं. मग दुसरा चमचा भरला.

"पी व मन्ही माय," ती म्हणाली. पोरीला म्हणाली की देवीला, ते मंजुळेला आजवर उमगलं नाही.

दुसरा चमचा राहिला. तिसराही राहिला. अर्धी वाटी गेली आणि जमनीचे डोळे मिटले. बायका एकेक करून निघून गेल्या. बेबाबाईनं ताट दुसऱ्या घरी नेलं. त्या दिवशी भागाबाईच्या उंबऱ्यावर हळदकुंकवाला कुणी फिरकलं नाही, तिच्या दशम्यांचं वाण कुणी घेतलं नाही.

पोर निजल्यावर भागाबाईनं जाळ काढला, विस्तव अंगणात नेऊन विझवला. चूल गार होईपर्यंत तिच्यापुढे बसून राहिली. मग गार दूध शिंपडलं, पुन्हा सारवली, पुन्हा हळदकुंकू वाहिलं, डहाळी परत आत ठेवली, आणि उजवा हात त्या ओल्या चुलीत पालथा ठेवून कितीतरी वेळ डोकं टेकवून राहिली. त्या दिवशी तिनं स्वतः काही खाल्लं नाही. शिळंही नाही.

दुपार कलली आणि घरात एक आवाज झाला. सगळे दचकून उठले. जमनी रडत होती. मोठ्यानं, हातपाय आपटून, दशमी पाहिजे म्हणून. कित्येक दिवसांत तिचा असा आवाज ऐकला नव्हता. मंजुळा धावली ती दशमी घेऊनच.

"खबरदार!" भागाबाई ओरडली. "शिळा घास देशी तं हात तोडसू. रडू दे तिले."

मंजुळा रडत हसत तिथेच बसली.

आळीनं महिनाभर वाट बघितली. कुणाच्या पोराच्या अंगावर घामोळं उठलं तरी बेबाबाई भागाबाईच्या दाराकडे बघायची. पण देवी आली नाही. दिवाळीच्या आधी बेबाबाई स्वतःच फराळाचं घेऊन आली आणि काही झालंच नाही अशा तऱ्हेनं गप्पा मारून गेली.

पुढच्या वर्षी सातमीच्या सकाळी झुलाल उठला. त्याला मधल्या काळात जळगावच्या बाजारात चहाची चटक लागली होती. चूल सारवलेली, गार, आत डहाळी. तो आईला हळूच म्हणाला, "आई, मांगला साल तं पेटाडीच होती. आज घोटभर चा..."

मंजुळा दचकली. भागाबाईनं मुलाकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरला.

"मांगला साल मी आईले सांगं, मनी नातना जीव जाई ऱ्हायना," ती म्हणाली. "तू काय सांगशी तिले? चा पाहिजे?"

झुलालनं खाली मान घातली, गार दशमी उचलली आणि ओट्यावर जाऊन खात बसला. जमनी तिथे आधीच बसली होती, दोन्ही हातांत दशमी धरून.