कढी न सांडणारा कॅमशाफ्ट

निवृत्त झाल्यावर बाबांनी गराजमध्ये एक जुनी कूपे आणून उभी केली, तेव्हा आई म्हणाली, "लोक या वयात गुडघे बदलतात, हे इंजिन बदलतायत." गाडी त्या दोघांपेक्षाही म्हातारी, जेमतेम दोन माणसं बसतील एवढी. तिच्यात दमदार इंजिन घालून बाबांना हॉट रॉड करायची होती. गुडघे त्यांचे दुखत होतेच.

मीही आईबाबांच्याच गावात, अर्विंगला राहते, त्यामुळे सुट्टीचा दिवस त्या गराजमध्ये जायचा. सगळं जमत आलं आणि घोडं अडलं कॅमशाफ्टवर. इंजिनाच्या झडपा उघडमीट करणारा हा दांडा. इंजिनाने केव्हा आणि किती श्वास घ्यायचा, ते तो ठरवतो. मला मोठा हवा होता. पाचशे हॉर्सपॉवर, आणि सिग्नलला नुसती उभी असतानाही गाडी अशी धडधडली पाहिजे की शेजारच्याने काच खाली करून बघावं. बाबा तीनशेवर अडून बसले. "रोजच्या रस्त्याला पुरे," म्हणाले.

हे 'पुरे' ऐकतच मी मोठी झाले, आणि त्याचा मला मनापासून राग यायचा. "एकदा तरी जास्तीचं घ्या की हो बाबा," मी म्हटलं.

शनिवारी सकाळी जुन्या गाड्यांचा मेळावा भरतो. तिथल्या एका ओळखीच्या गृहस्थांच्या गाडीत मला हवा तसाच कॅम होता. त्यांनी आईला कौतुकाने आत बसवलं. आम्हाला पुढे मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ न्यायच्या जेवणाला, जायचं होतं, आणि उन्हात तापलेल्या गाडीत कढी ठेवायला आई तयार नव्हती, म्हणून पातेलं तिच्या हातात. ते मांडीवर घेऊन ती बसली. त्यांनी इंजिन सुरू केलं. गाडी जागच्या जागी हलायला लागली, झाकण नाचलं आणि कढी साडीवर, तिथून त्यांच्या पांढऱ्या सीटवर. ते गृहस्थ पोट धरून हसत होते आणि आई पदराने सीट पुसत सॉरी सॉरी म्हणत होती.

"आता कढी बघून कॅम ठरवायचा का?" परतताना मी कुरकुरले. "घट्ट झाकणाचा डबा घेऊ."

"कढीचं सोड," बाबा म्हणाले. "मोठ्या कॅमने ब्रेक जड होतो. माझ्या गुडघ्याला झेपायचा नाही. मग गाडी तू ड्राइव्ह करणार आणि मी बाजूला बसणार. मला बाजूला नाही बसायचं गं."

त्यांचं 'पुरे' मला कधी कळलंच नव्हतं. तीनशेवाला कॅम मीच ऑर्डर केला.

पुढच्या पॉटलकच्या दिवशी गाडी तयार झाली, चाकांखाली लिंबं ठेवून झाली, नारळ फुटला. मी सवयीने दार उघडायला गेले, तर आई कढीचं पातेलं घेऊन आधीच आत बसलेली.

"तू तुझ्या गाडीतून मागून ये," बाबा म्हणाले.

पहिल्या सिग्नलला त्यांची गाडी शहाण्यासारखी उभी होती, जराही न थरथरता. सिग्नल हिरवा झाला आणि बाबा असे सुटले की पॉटलकच्या हॉलपर्यंत मला दिसलेच नाहीत. मी पोचले तेव्हा आईची साडी पुन्हा पिवळी झाली होती, आणि दोघंही हसत होती.