ओसरीवरची बाज

रक्षाच्या सासूशी मी आजही धड बोलत नाही. आमची घरं समोरासमोर, शेतं लागून. सेलूच्या बाजारासाठी वांगी तोडायलाही आम्ही एकत्रच, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत रक्षाला खाली खाज सुटली. आग व्हायची, अंगावरून दह्यासारखं घट्ट पांढरं जायचं. तिनं भरवशानं सासूला, कुंताबाईला, सांगितलं. कुंताबाईनं जखम धुवायचं औषध पाण्यात टाकून आतून धुवायला लावलं. आतले कपडे कोणाला दिसू नयेत म्हणून संडासामागच्या अंधारात वाळत घालायला सांगितलं. खाज वाढली. मग ही बया भर तोडणीत बायांना म्हणाली, "चांगल्या घरच्या पोरीले असं होते काय? कुठीतरी पाय घसरला असन."

ते रक्षाच्या नवऱ्याच्या, शुभमच्या, कानावर गेलं. त्या नेभळटानं बायकोला एका शब्दानं विचारलं नाही. आपली बाज उचलली आणि ओसरीवर नेऊन टाकली. रक्षाला कायमचं माहेरी सोडून यायचं बोलणं सुरू झालं.

रक्षा एकटीच सावंगीच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर बाईंनी तपासलं, आतला स्राव तपासायला पाठवला. बुरशी निघाली. "ही कोणालाही होते, चालचलणुकीशी तिचा काही संबंध नाही," त्या म्हणाल्या. आतून धुणं बंद, साबणही नको, बाहेरून नुसतं पाणी पुरे. कपडे सुती आणि खडखडीत वाळलेले. आत ठेवायच्या गोळ्या दिल्या, त्या अर्धवट सोडू नको म्हणाल्या, आणि पुन्हा झालं तर मनानं काही न घेता इकडेच ये म्हणाल्या.

रक्षा बरी झाली. माहेरी सोडायचं बोलणं मागं पडलं, बाज मात्र ओसरीवरच राहिली. कपडे तिनं थेट अंगणातल्या दोरीवर, भर उन्हात घातले. कुंताबाई तणतणली, रक्षानं काढले नाहीत. पण तेवढ्यानं रक्षाचं समाधान होणार नव्हतं. मला म्हणाली, "थांब ना काकू. सासू भर बायांत बोलली, तर शब्द परतबी तिले भर बायांतच घ्यायले लावीन."

हिवाळ्यात कुंताबाई वाफ्यात बसली की चुळबुळायला लागायची. एक दिवस रक्षाला बाजूला घेऊन तिनं हळूच उरलेली गोळी मागितली. गोळी उरलीच नव्हती. रक्षा तिला सावंगीला घेऊन गेली. तिथं शुगर निघाली, चांगलीच वाढलेली, आणि त्यानंच बुरशीही झालेली.

परत येताना कुंताबाई म्हणाली, "रक्षा, कोणाले सांगू नको बाई."

"मी काऊन सांगू? तुमीच सांगा. उद्या, तोडणीत. नाई तर मी सगळ्यायसमोर विचारते, तुमचा पाय कुठी घसरला म्हणून."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या बाया होतो. शुभम वांग्यांचे क्रेट गाडीत भरत होता, रक्षानं त्यालाही हाक मारून उभं केलं.

"मले शुगर निघाली," कुंताबाई खाली मान घालून म्हणाली. "खाज मलेबी सुटली. रक्षाचंबी दुखणंच होतं. मीच खोटं बोलली."

तिचे डोळे भरले होते. मला जराही दया आली नाही, उलट बरं वाटलं.

संध्याकाळी शुभम बाज उचलून दारापाशी आला. रक्षा उंबऱ्यात उभी होती.

"अंदर आणू?"

"मले विचारून बाहेर नेली होती काय?" रक्षा म्हणाली, आणि तिनं दार लावून घेतलं.