सामंतांचा यादीबाहेरचा मोडेम

सामंत तोंडाने मोडेमचा आवाज काढायचे. आधी डायल टोन, मग नंबर फिरल्याची टिकटिक, मग ती कर्कश शिट्टी आणि शेवटी खर्रर्र. अंधेरीच्या आमच्या औषध वितरणाच्या कंपनीत कॉम्प्युटर विभागात आम्ही दोघंच होतो. गावोगावचे डेपो रोज मोडेम लावून फोनच्या लाइनवरून आमच्या सर्व्हरला जोडून घेत आणि विक्रीचे आकडे पाठवत. एखाद्या डेपोचं जुळलं नाही की सामंत तिथल्या कारकुनाला फोनवरच शिट्टी मारून दाखवायचे आणि विचारायचे, "इथपर्यंत येतंय ना? मग घाबरू नको. पुढचं आम्ही बघतो." सगळं ऑफिस हसायचं. सुरुवातीला मीही हसायचे.

पुढे माझं हसू आटलं, कारण "आम्ही बघतो" म्हणजे मेधाने, म्हणजे मी बघायचं. सॉफ्टवेअरमध्ये चालणाऱ्या मोडेमची एक यादी होती. मोडेम यादीतला असला की नाव निवडा आणि मोकळे व्हा. यादीबाहेरचा असला की वाट लागली. त्याचा कुणी भाऊबंद यादीत सापडतो का ते शोधायचं, त्या भावाला चालणारे हुकूम, म्हणजे कमांड, याला देऊन बघायचे, एकेक बदलायचा, वेग उतरवायचा, पुन्हा डायल करायचं. सॉफ्टवेअरवाल्यांना विचारावं तर पलीकडून मख्ख आवाज, "नॉट सपोर्टेड, मॅडम." आणि सामंतांना नेमके असलेच मोडेम प्रिय. बंद पडलेल्या कंपन्यांचे, डेपोंनी टाकून दिलेले. मी कपाळाला हात लावला की म्हणायचे, "यादीत नाही म्हणजे जगात नाही, असं थोडंच आहे?" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरायचं. 

त्यांच्या पत्नी सुनंदावहिनींना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मात्र हा खेळ राहिला नाही. वहिनींची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दिवसभर शेजारच्या मावशी त्यांच्याजवळ बसत, पण मावशी आता कायमच्या गावी निघाल्या होत्या. सामंतांना घरी थांबणं भाग होतं. नोकरी सोडायची, नाहीतर दहिसरच्या घरून डायल करून काम करायचं. आमच्या साहेबांनी मोठ्या मुश्किलीने मान्य केलं. "एक दिवस पूर्ण घरून करून दाखवा. लाइन तुटता कामा नये. जमलं तर बघू."

कपाटात यादीतला एकच मोडेम शिल्लक होता. तो मी त्यांच्यासाठी बाजूला ठेवला, आणि या माणसाने तो नाशिकच्या डेपोला पाठवून दिला. 

"त्यांचा जळला गं. बिचाऱ्यांचं काम अडलं असतं."

"आणि तुमचं अडलं तर?"

"माझ्याकडे आहे ना एक." 

होता तो असला! त्याच्यावर कंपनीचं नावसुद्धा धड वाचता येत नव्हतं. मी आठवडाभर त्याच्याशी झटले. हुकूम बदलून बदलून डोळे फुटायची वेळ आली. शेवटी वेग निम्म्यावर आणल्यावर ऑफिसात तो गुमान चालायला लागला. सामंतांनी मला कँटीनचा चहा पाजला आणि मोडेम घरी नेला. घरी जोडल्यावर लाइन दर थोड्या वेळाने तुटायला लागली. 

पुन्हा सगळं पहिल्यापासून. काही उपयोग नाही. शेवटी एका शनिवारी चिडून मीच दहिसरला गेले. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर, आत वहिनींची खाट. मी डायल केलं, जोडलं गेलं, काम सुरू झालं आणि तुटलं. मी शिवी घालणार तोच सामंत उठून आत गेले. "काय गो? पाणी होया?" 

मी दारातून पाहिलं. वहिनींच्या उशाशी त्याच लाइनवरचा दुसरा फोन होता आणि रिसीव्हर त्यांच्या डाव्या कानाला. तो उचलला की मोडेमची लाइन तुटत होती. आजारपण सुरू झाल्यापासून सामंत रोज जेवणाच्या सुट्टीत घरी फोन करायचे. आज डब्यात काय होतं, कोण काय म्हणालं, सगळं सांगायचे आणि वहिनी नुसत्या ऐकायच्या. नवरा हवासा वाटला की रिसीव्हर उचलायचा, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. नवरा आता शेजारच्या खोलीत असला तरी. 

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. 

"होतं ना."

"मग मी कशासाठी मरत होते? काढा ना तो फोन! घंटी द्या हातात."

"दिली होती. फेकून दिली तिने. लाइन तुटली की मला कळतं, बोलवतेय म्हणून. तेवढंच तिचं हाक मारणं आहे, मेधा."

तरी मी हात जोडले. एकच दिवस, साहेबांच्या परीक्षेपुरती, त्या फोनची वायर काढा. ते "बघतो" म्हणाले. 

परीक्षेच्या दिवशी मी ऑफिसात होते आणि सामंतांच्या घरची लाइन सकाळपासून अशी झकास चालली की साहेब दोनदा येऊन मान डोलावून गेले. जेवणानंतर ते तिसऱ्यांदा आले, माझ्या मागे उभे राहिले आणि लाइन तुटली. पुन्हा जोडली गेलीच नाही. मी ताबडतोब मोडेमवर ढकललं. "सर, हा यादीतला नाहीये. असंच करणार तो. चांगला मागवू, परत एकदा बघू." साहेब कुरकुरले, पण पुढच्या आठवड्यात आणखी एक संधी द्यायला तयार झाले. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सामंत आले. मी त्यांना जिन्यातच गाठलं. "वायर का नाही काढलीत?"

"काढली होती गं, सकाळीच. दुपारी तिने रिसीव्हर उचलला. आत काहीच नाही. तिने खाली ठेवला, परत उचलला, परत कानाला लावला. मग माझ्याकडे बघितलं. मी समोर असून मेल्यासारखंच वाटलं असेल तिला. लावली परत. मग संध्याकाळपर्यंत तिने रिसीव्हर सोडलाच नाही."

मी त्यांना संधी मिळाल्याचं सांगितलं. गप्प बसा म्हटलं, नवीन मोडेम येईपर्यंत काहीतरी मार्ग काढू म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं. "मोडेमचा काही दोष नाही, सर. मेधाने छान बसवलाय. माझ्या घरची लाइनच बायकोची आहे, ती मला रिकामी मिळणार नाही. दुसरा मागवू नका."

राजीनामा त्यांनी खिशात आणला होता.

ते बाहेर आले तेव्हा माझे डोळे रागाने भरून आले होते. "एक दिवस तोंड बंद ठेवता आलं नाही तुम्हाला?"

"घरात एक जण गप्प आहे, तेवढं पुरे ना," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.