डोळे न मिटणारी

धुळ्याहून जळगावला जाताना पारोळ्याला एक विशीची मुलगी आईसोबत बसमध्ये चढली आणि माझ्याशेजारी बसली. लहानपणी तिला रक्ताचा कॅन्सर झाला होता. ती बरी झाली, पण दरवर्षी तपासणीच्या दिवशी ती फार घाबरते आणि आजही तपासणीलाच निघालोय, असं आईनेच सांगितलं. डॉक्टरांनी मोबाइलमध्ये मन शांत करणारं ॲप टाकून दिलं होतं. तिने ते लावलं. त्यातला मऊ आवाज म्हणाला, "डोळे मिटा. श्वास सोडा."

तिने श्वास सोडला, डोळे मात्र टक्क उघडे ठेवले.

"ते सांगस तसं कर ना वं, माय," आई म्हणाली.

"श्वास लिसू, डोया मिटाव नही. 'डोया मीट, काहीच व्हवाव नही' आसं सांगीसन सुया टोचेत माले. आते काय व्हस ते मी देखसू." काहीच होणार नाही म्हणत लहानपणी सुया टोचल्या होत्या; आता जे होईल ते ती बघणार होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हीबी करा, आबा."

माझा मुलगा याच आजाराने गेला. सुई टोचताना मीही त्याला डोळे मिटायला सांगायचो. तो मुकाट्याने मिटायचा.

आवाज पुन्हा म्हणाला, "डोळे मिटा."

मी श्वास सोडला. डोळे मिटले नाहीत.