दादाचा पाय

मी बी.एससी. झालेला माणूस. तोंडवलीतल्या आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, हे अभिमानाने सांगतो. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर खोटारडा म्हणायचो... त्यामुळे हे वाचून तुम्ही मला काय म्हणाल, तेही ठाऊक आहे.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. कॉलेजला सुट्टी होती. होडीला लावायचं डांबर तापवताना आमच्या मांगराने, म्हणजे जाळी ठेवायच्या झावळ्यांच्या खोपटाने, पेट घेतला. जाळी वाचवायला धाकटे काका आत शिरले आणि पेटता वासा त्यांच्यावर कोसळला. माझ्या वडिलांनी त्यांना ओढून बाहेर काढलं. दोघेही भाजले, काकांची उजवी मांडीही मोडली.

होडीतूनच मालवणला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं — "वडील वाचतील. काकांचं भाजणंही आहे आणि मोडणंही. दोन्ही एकदम शरीराला झेपत नाही. मनाची तयारी ठेवा."

खाटा शेजारी-शेजारी. काकांचा पाय वजनं लावून ताणलेला. तापाने ते खंगत चालले होते. बाबा मात्र सुधारले, माझा खांदा धरून व्हरांड्यापर्यंत चालायचे. एका दुपारी ते काकांकडे बघत म्हणाले,

"दोन-दोन दुखणी एकटोच घेवन पडलंस रे? हावरो मेलो! एक माका दी. पाय दी तुझो."

काका कितीतरी दिवसांनी हसले. "घे. मोडको आसा हां! तुझो बरो माका दी, दादा. बरो झालंय काय परत करतंय."

"घेतलंय," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले. ताप नाही, काही नाही... पेजेचा वाडगा माझ्या हातातच राहिला.

घरी आंघोळ घालताना शेजारचे आबा एकदम थांबले. "पाय कधी मोडलो रे ह्येचो?"

उजवी मांडी मधोमध वाकली होती. मी हात लावला. आत हाडाची टोकं एकमेकांवर घासत होती. आदल्याच दिवशी मी त्यांना चालवलं होतं! आणताना आदळला म्हणावं, तर दवाखान्यापासून अंगणापर्यंत पाय मीच धरले होते.

सगळं आटपून दवाखान्यात परतलो. काकांनी पाय वजनांतून सोडवून पोटाशी घेतला होता. डॉक्टर मांडी पुन्हापुन्हा चाचपत मोडलेली जागा शोधत होते. बाबांच्या पायाचं मी तिथे कोणालाही सांगितलं नव्हतं. तरी मला बघताच काका ओक्साबोक्शी रडू लागले,

"मस्करेत बोललंय रे मी... सांग दादाक, माझो माका परत दी म्हणान!"

काका जगले. पुन्हा समुद्रावर गेले, कधी लंगडले नाहीत. डॉक्टरांचं निदान चुकलं असेल, असं मी स्वतःला बजावतो. मग बाबांच्या मांडीचं काय?

शेवटच्या आजारात काकांनी माझा हात आपल्या उजव्या मांडीवर ठेवला. "माका न्हेताना ह्यो पाय जपून धर. दादाचो आसा. परत करूचो आसा."

त्यांना उचललं, तेव्हा तो पाय मीच धरला.