चार कोअरची लाल बस

चार बोटं वर, अंगठा तळव्यात दुमडलेला, आणि दुकानाची पायरी चढता चढताच घोषणा, "शेठ, चार पुष्कळ झाले!"

डायवरकाकांचा नमस्कार हा असा. चहात साखर किती विचारलं तरी तीच चार बोटं, आणि साखर तर त्यांना डॉक्टरांनी बंद केलेली. ते स्वतःचं नाव कधी सांगायचे नाहीत आणि कुणी विचारायचंही नाही. जव्हार-मोखाडा-खोडाळा या पट्ट्यात ज्यानं ज्यानं एसटीनं प्रवास केला, त्यानं त्यांची पाठ पाहिलेली. रुंद पाठ, खाकी शर्ट, मानेला घामाचा रुमाल. तुम्ही कधी इकडच्या घाटातून आला असाल तर तुम्हीही पाहिली असेल.

जव्हारला माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. म्हणायला कॉम्प्युटरचं, रोजचं पोट झेरॉक्स आणि प्रिंटर दुरुस्तीवर. गेम खेळायला मशीन बनवून द्या म्हणणारं गिऱ्हाईक वर्षाकाठी चार-दोनच, आणि तेही ठाण्या-मुंबईला कामाला जाऊन आलेले तरुण. त्यामुळे निवृत्त होऊन वर्ष उलटलेले डायवरकाका एक दिवस समोर येऊन बसले आणि म्हणाले, "शेठ, मला गाडी चालवायचा कॉम्प्युटर पाहिजे," तेव्हा मला वाटलं, उन्हाचा परिणाम.

पण नाही. भाच्याच्या मोबाइलवर त्यांनी तो खेळ पाहिला होता. त्यात बस चालवायची असते, पॅसेंजर घ्यायचे असतात, वेळेत पोचायचं असतं. कुणा हौशी मंडळींनी आपली लाल बस हुबेहूब करून त्यात सोडली आहे, मागच्या जाहिरातीसकट. काकांनी ती पाहिली आणि झालं! नोकरीची शेवटची दोन वर्षं डोळ्यांच्या तपासणीत अडकून ते आगारात नुसते बसून होते. स्टिअरिंग सुटलं ते सुटलंच.

मी त्यांना नीट समजावलं. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. त्याच्या आत काम करणारे जे भाग असतात, त्यांना कोअर म्हणतात. पूर्वी चार कोअरवर कुठलाही गेम मजेत चालायचा. आताचे नवे गेम सहा मागतात, आठ मागतात. चारवर चालत नाहीत असं नाही, पण पडद्यावर गर्दी झाली की चित्र अडखळतं. तेव्हा घेताय तर सहाचा घ्या.

"तू आवणीला गेलायस का कधी, शेठ?"

"नाही."

"मंग ऐक. एका खाचरात आठ गडी उतरवले ना, तर चार जण भात लावतात न चार जण तंबाखू मळतात. चार पुष्कळ झाले."

"अहो पण काका, खाचर मोठं असलं तर?"

"तर दुपारपर्यंत लावायचं ते सांजपर्यंत लावायचं. आपल्याला काय घाई हाय?"

गेममध्ये घाईच तर असते. एका सेकंदात पडद्यावर किती चित्रं यावीत यावर पोरं माझ्या दुकानात हमरीतुमरीवर येतात, आणि हा माणूस म्हणतो सांजपर्यंत लावू. मी चार कोअरचं मशीन बांधून दिलं. बरोबर स्टिअरिंग आणि पायाखालचे पेडल. मनात म्हटलं, येतीलच परत.

मशीन बसवायला घरी गेलो तेव्हा खरा प्रकार कळला. टेबलासमोर काकांनी दोन खुर्च्या मांडल्या होत्या. उजवीकडे त्यांची. डावीकडच्या खुर्चीवर उशी, हाताशी एक कापलेलं लिंबू आणि खुर्चीच्या दांडीला अडकवलेली प्लास्टिकची पिशवी.

"ही कुणासाठी?"

काका एकदम लाजले. साठीचा माणूस, पण कानाच्या पाळ्या लाल. आतल्या खोलीकडे मान उडवून म्हणाले, "हिच्यासाठी. हिला गाडी लागते."

गोष्ट अशी होती. लग्नाची वरात निघाली ती जीपमधून. तोरंगण घाटाच्या पहिल्याच वळणावर नव्या नवरीनं नवऱ्याच्या नव्या कोऱ्या धोतरावर सगळं जेवण परत केलं. तिथून पुढे काकी कुठल्याही गाडीत बसल्या की तेच. गोळ्या झाल्या, आलं झालं, देवाला बोलून झालं. शेवटी त्यांनी गाडीचं नाव टाकलं. माहेर सूर्यमाळच्या अंगाला. तिथे त्या डोंगरातून पायी जायच्या. नवरा जन्मभर बस चालवतोय आणि बायको त्याच्या बसमध्ये एकदाही बसलेली नाही!

काकी माहेरी असल्या की फाट्यावर येऊन उभ्या राहायच्या. बस यायची. काका दोनदा हॉर्न वाजवायचे, आणि बस निघून जायची. उन्हाळ्यात गाडी चढावर तापायची तेव्हा काकी डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन यायच्या. "तिकडं माणसाला प्यायला पाणी नाय," काका मला सांगत होते, "न ही माझ्या बसला पाजायची." त्यांनी डावीकडच्या खुर्चीवरची उशी सरळ केली. "सगळ्या तालुक्याला मी फिरवलं शेठ. हिनं माझी बस बाहेरून पाह्यली फक्त. एकदा तरी बाजूला बसली पाहिजे."

आता मला सांगा, अशा माणसाला मी सहा कोअर आणि आठ कोअर काय शिकवणार?

पहिल्या फेरीला मी हजर होतो. काकांनी खाकी शर्ट घातला, स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला. काकी पदर आवळून, डोळे बारीक करून खुर्चीत बसल्या. बस सुटली. मोकळ्या रस्त्यावर सगळं झक्कास. समोरून ट्रक चढ चढून येताना दिसला की काका बस बाजूला घेऊन थांबायचे, कारण घाटात मान चढणाऱ्या गाडीचा. पडद्यावरच्या ट्रकला त्याचं काय? पण काका थांबायचे. वळण आलं की हॉर्न. घाटमाथा आला की देवीला हात जोडायचे, तिथे देऊळ नसलं तरी. मागचे पॅसेंजर उशीर होतोय म्हणून इंग्रजीत बोंबलायचे. काका मागे न बघता म्हणायचे, "उतरा मंग न जा चालत!"

मग शहर आलं. सिग्नल, मोटारी, फुटपाथवरची माणसं. आणि माझं भाकीत खरं ठरलं. चित्र अडखळायला लागलं. बस पुढे जायची, थबकायची, परत झटका मारून पुढे. काकींनी लिंबू हुंगलं, डोळे मिटले, आणि पिशवी ओढली.

जागच्या जागी बसून माणसाला गाडी लागलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"मी सांगितलं होतं ना काका, प्रोसेसर कमी पडतोय..."

"प्रोसेसर नाय. घाट चढून आलोय, इंजिन तापलं," काका शांतपणे म्हणाले. बस कडेला घेतली, इंडिकेटर लावला आणि उठून चहा टाकायला गेले. "गाडीला दम खाऊ दे."

आणि गंमत बघा, चहा होईपर्यंत मशीन खरंच थोडं थंड झालं आणि पुढे जरा बरं चाललं. झालं! आता या माणसाला ब्रह्मदेव आला तरी पटवू शकणार नव्हता.

आठवड्यानं मी सहज डोकावलो तर काका कॅबिनेट भिंतीपासून ओढून, पाण्याची बाटली हातात घेऊन मागच्या बाजूनं वाकून काहीतरी शोधत होते.

"शेठ, बरा आलास. पाणी कुठून टाकायचं याला?"

मी चपलांसकट आत धावलो. बाटली हिसकावली. वर दम भरला, "काका, हे काय रेडिएटर आहे होय? जळून खाक झालं असतं!" काका ओशाळून हसले. काकी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "राहू द्या हो भाऊ. मी नाय बसत. मला बाहेरूनच बरी दिसते त्यांची गाडी."

हे काही मला बघवेना. काकांनी तर मान खालीच घातली.

नवीन प्रोसेसर घ्यायचा तर तो ज्यावर बसतो तो बोर्डही नवा घ्यावा लागला असता, आणि काका ऐकणार नव्हतेच. मग मी त्यांच्याच खुर्चीत बसलो आणि सेटिंगमध्ये शिरलो. सावल्या काढल्या. लांबचे डोंगर पुसट केले. आरशातलं प्रतिबिंब जाडंभरडं केलं. "काका, रस्त्यावरची माणसं पण काढून टाकू? एकदम हलकं होईल."

"छे छे! माणसं काढली तर बस कुणासाठी चालवू?"

शेवटी निम्मी माणसं ठेवली. ग्राफिक्स कार्डावरची धूळ फुंकली, कॅबिनेटचं झाकण उघडून समोर टेबलफॅन लावला. "आता बघा."

काकी नको नको म्हणत बसल्या. बस सुटली. शहर आलं. सिग्नल गेला, चौक गेला. चित्र पाण्यासारखं सरकत होतं. काकींनी लिंबू मुठीत धरलं होतं, पण हुंगलं नाही. मग बस बर्फाच्या डोंगरात शिरली. टोकदार छपराची घरं, उंच मनोऱ्याचं चर्च.

"हे कुठलं गाव?" काकींनी विचारलं.

"मोखाडा."

"मोखाड्याला बरफ कधीपासून पडायला लागला?"

"तू कुठं आलीस कधी गाडीनं! आमच्या डायवर लोकांना सगळं दिसतं."

काकी खुदकन हसल्या. जन्मात पहिल्यांदा त्या नवऱ्याच्या बसमधून शेवटच्या स्टॉपपर्यंत गेल्या. उतरताना, म्हणजे खुर्चीतून उठताना, त्यांनी खाली पाय ठेवायच्या आधी टेबलाची कड धरली, दांडा धरावा तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पायरीवर चार बोटं उगवली. "बसली, शेठ! आख्खी ड्युटी बसली! आता बोल, चार पुष्कळ झाले की नाय?"

"झाले बाबा," मी म्हटलं. काय करणार!

त्यानंतर दर संध्याकाळी त्यांच्या घरून एसटीचा आवाज यायचा. काकी खोडाळा, कसारा, नाशिक सगळं फिरून आल्या, एकाच खुर्चीत. गाडी अडखळली की कडेला घ्यायची, इंडिकेटर लावायचा, चहा प्यायचा. पिशवी पुन्हा लागली नाही.

थंडीत काका गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दारातच सगळं आटोपलं. असा हसता माणूस! मला फार लागलं ते. दुकानाच्या पायरीकडे बघणंच मी काही दिवस टाळलं.

दिवसकार्य झाल्यावर काकींचा निरोप आला, भाऊ, जरा येऊन जा. मला वाटलं, मशीन विकायचं असेल. गेलो तर कॉम्प्युटरवर स्वच्छ धुतलेला टॉवेल घातलेला. "मला ते बटन नाय जमत," काकी म्हणाल्या. "तेवढी गाडी सुरू करून दे."

मी केली. काकांनी शेवटची फेरी जिथे सोडली होती तिथेच बस उभी होती. घाटाच्या कडेला, इंडिकेटर लावून. काकी त्यांच्या डावीकडच्या खुर्चीत जाऊन बसल्या. उजवीकडची रिकामी.

"मी चालवू का थोडी, काकी?"

"नको रे भाऊ. तुझ्या हाताला मला उलटी व्हायची." त्या हसल्या, आणि डोळे पुसले. "उभी राहू दे. दम खाते गाडी."

आजही कुणी गेमसाठी चार कोअर घेऊ का विचारलं, तर मी खरं तेच सांगतो, सहाचा घ्या. पण त्या संध्याकाळी चित्र जराही अडखळत नव्हतं. उभ्या गाडीला चार पुष्कळ झाले. इंजिन धडधडत होतं, इंडिकेटर टिकटिक करत होता, आणि मी निघायला चपला शोधत होतो. दारातून वळून पाहिलं. काकींनी वाकून, रिकाम्या खुर्चीवरून हात लांब केला होता. स्टिअरिंगच्या मधोमध तळवा ठेवला आणि दोनदा हॉर्न वाजवला.